बापूंचा चुकलेला हिशेब

परवा पुण्याहून धाकट्याचा फोन आला. ‘अल्झायमरवर नवं इंजेक्शन निघालंय, दादा. कान नदीकाठची दोन एकर विकू, पण बापूंना देऊ.’ मी साक्रीला घराच्या ओट्यावर बसलो होतो; शेजारी बापू. फोन ठेवला तसे त्यांनी विचारले, ‘तू कोना पोऱ्या शे?’

धाकट्याची तळमळ खरी आहे, औषधही खरे आहे. या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही प्रतिपिंडे त्यांना चिकटतात आणि सफाई करणाऱ्या पेशी ते उचलून नेतात. पण थर गेले म्हणून गेलेली आठवण परत येत नाही. लेकानेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्क्यांनी कमी होती. आकडा भरघोस वाटतो. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अवघा ०.४५. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. २०२३ साली अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठरली, म्हणजे सुमारे बावीस लाख रुपये.

शिवाय आजार अगदी सुरुवातीचा हवा. तिथेच आमचे घोडे पेंड खाते. पाच वर्षांपूर्वी बापूंनी एकाच बाजारात दोनदा गूळ आणला. मजुरीचा हिशेब ज्यांच्या तोंडी, ते बोटे मोजू लागले. आम्ही ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसलो. (ही म्हण ज्याने काढली, त्याला एकदा भेटायला हवे.) डॉक्टरांना गुडघे दाखवले, विसर सांगितलाच नाही.

साठीपुढच्या शंभर भारतीयांत सातांना स्मृतिभ्रंश असतो. रक्तदाब मोजतात तसे तालुक्याच्या दवाखान्यात वार, महिना, तीन शब्द विचारायला पाच मिनिटे लागतात. विसर थायरॉइडने, बी-१२ च्या कमतरतेनेही पडतो आणि तो बराही होऊ शकतो. महागड्या इंजेक्शनाआधी मला ही पाच मिनिटे हवी आहेत.

जमीन विकायची नाही, असे धाकट्याला कळवले. जमेल ते दरमहा पाठव. बापूंजवळ बसायला माणूस ठेवू, तुझ्या वहिनीला चार तास झोप मिळेल. तो रुसला आहे, पण दिवाळीला येतोय. ‘मला ओळखलंत का’ असे विचारू नकोस, म्हटले. आपले नाव सांग आणि जवळ बस.