खणखणीत कपबशी

हॉटेल कसं आहे हे पाटीवरून कळत नाही. पाटीवर सगळीच हॉटेलं 'शुद्ध', 'अस्सल' आणि 'घरगुती' असतात. गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोवरूनही कळत नाही, कारण देव सगळीकडे तेच असतात. हॉटेल कळतं ते तुमच्यापुढे कसलं भांडं आणून आपटलं जातं त्यावरून. ह्या कसोटीला आमच्या घोडेगावच्या रस्त्यावरची हॉटेलं लावली तर निकाल जाहीर न केलेलाच बरा. पण मी तो करणार आहे. निकाल लपवायला मी काही विद्यापीठ नाही.

घोडेगाव म्हणजे अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नेवासे तालुक्यात लागतं ते. (पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात आणखी एक घोडेगाव आहे. त्यांच्या कपबशांचं त्यांनी बघावं.) इथे कांद्याचा मोठा बाजार भरतो, जनावरांचा भरतो आणि शनिशिंगणापूरला जाणारा फाटाही इथेच फुटतो. म्हणजे कांद्याचा भाव ऐकून बसलेला शेतकरी, म्हशीचा भाव सांगून बसलेला व्यापारी आणि साडेसातीने बसवलेला भाविक, अशी चहाची तीन कायमची गिऱ्हाइकं ह्या गावाला लाभली आहेत. असल्या गावात चहा कसा यायला पाहिजे? जाड काठाच्या, भरल्या अंगाच्या कपातून, खाली बशी घेऊन, सासरी निघालेल्या लेकीसारखा! येतो कसा? कागदाच्या टोपणातून. त्याला कप म्हणतात ते केवळ आपण सोशिक आहोत म्हणून.

ह्या कागदी कपाला कान नसतो, बूड नसतं आणि अब्रूही नसते. वरून धरावा तर तो चेपतो, खालून धरावा तर बोट भाजतं. शिवाय तो नावाचाच कागदी. आतून त्याला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, नाहीतर चहा कागदातून थेट धोतरावर आला असता. 1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, कप, पेले यांवर बंदी आली, आणि प्लास्टिक कागदाचा अंगरखा घालून मागच्या दाराने परत आलं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं, की असल्या कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. आता तुम्ही म्हणाल, पंधरा मिनिटं चहा हातात धरून कोण बसतं? तुम्ही म्हशीचा सौदा पाहिलेला दिसत नाही. एक हात रुमालाखाली समोरच्याची बोटं मोजतोय आणि दुसऱ्या हातात कप, अशा अवस्थेत माणूस अर्धा तास निघतो.

चहाची ही गत, तर खाण्याची मेलामाइनच्या ताटलीत. मेलामाइन हे चिनी मातीचं सोंग घेतलेलं प्लास्टिक आहे. मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून केलेलं. नवं असताना ते नवरदेवासारखं दिसतं. सहा महिन्यांत चमच्यांचे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत मिसळीची हळद जी घर करते ती कुठल्याही साबणाला खाली करता येत नाही. ती पिवळी ताटली पुढे आली की मागच्या महिन्याभरात इथे कोण कोण काय काय जेवून गेलं याचा गोषवारा वाचायला मिळतो. उकळता आणि आंबट रस्सा असल्या भांड्यात घालावा हे तर मुळीच बरं नव्हे. उष्णता आणि आंबट यांनी त्यातलं रसायन थोडंथोडं अन्नात उतरतं. आणि आपल्याकडे हॉटेलात उकळतं आणि आंबट सोडून असतं काय?

हे सगळं मी आमच्या एका हॉटेलवाल्या स्नेह्यांना ऐकवलं. ते कांदाभजी सोडता सोडता म्हणाले, "मास्तर, तुमचं समदं खरं. पण चिनी मातीचं फुटतंय ना!"

फुटतंय! ह्या एका शब्दावर महाराष्ट्रातली कपबशी हद्दपार झाली. अहो, फुटणार. पण किती दिवसांनी, हे कुणी विचारायचं? समजा, चांगला कप साठ रुपयांना आला आणि कागदी कप बारा आण्यांना पडला. ऐंशी चहांत साठ रुपये वसूल. बाजाराच्या दिवशी एक कप दहादा फिरला तर आठ बाजारांत त्याने आपलं कर्ज फेडलं. धुण्याचा खर्च धरून दहा धरा. कुठल्याही सोसायटीचा कर्जदार इतक्या सचोटीने फेड करत नाही! त्यानंतर तो फुटेपर्यंत जे देतो ती निव्वळ कमाई.

आणि टिकण्याचंच म्हणाल तर घोडेगावकराने तरी मातीच्या भांड्याला ठिसूळ म्हणू नये. आपल्याच तालुक्याच्या गावी, नेवाशाला, 1954 ते 56 या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं. प्रवरेच्या काठी ताम्रपाषाण युगातली भांडी निघाली. तशीच ती आपल्या जिल्ह्यातल्या जोर्वे आणि दायमाबाद इथेही निघाली, आणि संगमनेरजवळच्या जोर्व्यावरून ह्या भांड्यांचं नावच 'जोर्वे' पडलं. इसवी सनापूर्वी 1400 ते 1000 हा त्यांचा ऐन काळ. चाकावर घडवलेली, लाल अंगावर काळी नक्षी असलेली, आणि भट्टीत अशी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. तीन हजार वर्षं जमिनीत राहून नाद येतो! आमच्या स्नेह्यांची मेलामाइनची ताटली तीन हजार वर्षांनी कुणा सांकळियांना सापडली, तर नाद येणार नाही. पण हळद मात्र ओळखू येईल.

ही टिचकी हीच खरी परीक्षा. माठ घेताना आमची आजी जी करायची तीच. दुकानात कप बोटावर तोलून धरा आणि टिचकी मारा. खणखणीत बोलला तर भाजणी पक्की आणि अंगात तडा नाही. 'ठप्' म्हणाला तर नमस्कार करून ठेवून द्या. मग तो उलटा करा. बुडाच्या कड्याला झिलई नसते. तिथे पाण्याचं ओलं बोट टेकवा. पाणी लगेच आत मुरलं तर माती कच्ची आहे. उद्या तीच माती धुण्याचं पाणी पिऊन फुगेल आणि झिलईवर म्हाताऱ्याच्या कपाळासारखं जाळं उठेल. बाराशे अंशांच्या आसपास आणि त्यावर भाजलेली चांगली चिनी माती आतून काचेसारखी घट्ट होते, ती पाणी पीत नाही. काठ पाहा: गोल आणि जाड हवा, कारण टवका पहिल्यांदा काठाचाच उडतो. दहा ताटल्या एकावर एक रचा. उतरंड डोलू लागली तर ती ताटली घरी शोकेससाठी ठीक, हॉटेलच्या कामाची नव्हे. आणि आतून पांढरीशुभ्र घ्या. झिलईच्या वरून चिकटवलेली गुलाबाची फुलं वर्षात झडतात, आणि स्वस्तातल्या भडक रंगांत शिसं असण्याची धास्ती असते. गिऱ्हाइकाला गुलाब नको असतात, मिसळ हवी असते.

"मग इंपोर्टेडच घेतो की!" स्नेही म्हणाले. आपल्याकडे कुठलाही उपदेश शेवटी इंपोर्टेडवर येऊन थांबतो. तसा हा रोगही जुनाच. त्याच नेवाशाच्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. म्हणजे परक्या मुलखाचं भांडं मांडून पाहुण्यावर छाप पाडणारे लोक तेव्हाही आपल्या तालुक्यात होते. पण 'चिनी माती' ह्या नावाला भुलून कुणी चीन गाठायचं कारण नाही. ती माती आपल्या गुजरात-राजस्थानातही निघते. उत्तर प्रदेशातलं खुर्जा गाव पिढ्यान्‌पिढ्या ह्याच धंद्यावर जगतंय. सौराष्ट्रात थानगड-मोरबीकडे 'परशुराम पॉटरी' उभी केली ती परशुराम गणपुले नावाच्या मराठी गृहस्थांनी. आणि पुरावाच हवा तर घरातली लोणच्याची बरणी काढा. मीठ, आंबट, तेल आणि मोहरी वर्षभर पोटात घेऊन ती हूं की चूं करत नाही. सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातसुनेकडे न भांडता गेलेली घरातली ती एकमेव वस्तू असावी.

देशी घ्या म्हणतो ते नुसत्या अभिमानापोटी नव्हे, हिशेबापोटी. साठातले सात कप फुटले की त्याच मापाचे, त्याच रंगाचे सात कप पुढच्या वर्षी मिळाले पाहिजेत. खुर्ज्याच्या कारखानदाराला फोन करून ते मागवता येतात. परदेशातून आलेला ढीग एकदा संपला की संपला. मग तुमच्या टेबलावर सात जातींचे कप एकत्र बसतात. तशा सात जाती एकत्र बसल्या तर चांगलंच म्हणा, पण कपांच्या बाबतीत ते वाईट दिसतं.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. बोन चायना पातळ असून ताकदीची असते, हे कबूल. पण तिच्या नावातला 'बोन' शोभेचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जोसाया स्पोड याने ती नावारूपाला आणली, ती मातीत गुरांच्या हाडांची राख मिसळून. आणि राख चिमूटभर नव्हे, जवळजवळ निम्मी. तेव्हा दारावर 'शुद्ध शाकाहारी' लिहून आत बोन चायना मांडणाऱ्यांनी एकतर पाटी बदलावी, नाहीतर बशा. मी हे सांगितल्यावर स्नेह्यांच्या हातातलं भजं कढईत जरा जास्तच तांबूस झालं.

तरी त्यांचे आणखी दोन मुद्दे शिल्लक होते. एक, कप चोरीला जातात. शनिशिंगणापूरच्या फाट्यावर बसून हा माणूस हे म्हणतो! जिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून दुनिया दर्शनाला येते, त्या वाटेवर ह्यांना कपाची काळजी! दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. पण झिलईचं भांडं धुवायला घागर लागत नाही. खरकटं आधी पुसून काढायचं, एका टोपात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ; आणि मोरीत खाली रबराचा तुकडा टाकायचा, म्हणजे फुटणंही निम्मं थांबतं. कागदी कपाला पाणी लागत नाही खरं. त्याला फक्त हॉटेलामागचा ओढा लागतो, आणि बाजाराला आलेल्या म्हशी, चघळायला.

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाही, पाण्याचाही नाही. 1890 साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि पुणं पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपासाठी! पुढे किती तरी खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप बाहेर ठेवलेला असे, कान तुटलेला. त्यानेच तो विसळायचा, त्यानेच परत ठेवायचा. डॉ. बाबा आढावांना 1970 च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावं लागलं, ते ह्याच रोगापायी.

कुणी म्हणेल, मग कागदी कपाने भेद मिटवलाच की, सगळ्यांना सारखाच. मला हे पटत नाही. कागदी कपाने आपल्याला एकत्र आणलं नाही, प्रत्येकाला वेगळा कप दिला. कुणाचं उष्टं कुणाला नको, म्हणून प्यायचा आणि फेकायचा! भेद मिटतो तो ह्याने प्यालेला कप नीट धुऊन त्याच्यापुढे ठेवला जातो आणि तो निमूट ओठाला लावतो, तेव्हा. पक्क्या भाजणीचं भांडं पाणी शोषत नाही, तसं कुणाची जातही शोषत नाही. एका धुण्यात ते सगळ्यांचं होतं. कांदेवाला, म्हैसवाला, ट्रकवाला आणि मोटारीतून उतरलेला भाविक एकाच साठ कपांत फिरून फिरून चहा पितात, ही काही लहान गोष्ट नाही.

तेव्हा घोडेगावच्या तमाम हॉटेलवाल्यांना सांगणं एवढंच, की शेठ, उद्याच्या उद्या सगळं बदला असं मी म्हणत नाही. सहा डझन कपबशा आणि तीन डझन ताटल्या घ्या: पांढऱ्या, जाड काठाच्या, देशी. टिचकी मारून घ्या. फुटतील त्या फुटू द्या; बायकोला सांगतो तसं स्वतःला सांगा, 'फुटणारच होता.' आणि बशी विसरू नका. कांदा पडलेल्या दिवशी शेतकऱ्याला घटकाभर बसायला काहीतरी निमित्त हवं असतं. बशीत ओतलेला चहा निवेपर्यंतचा वेळ हा त्याचा स्वतःचा असतो, आणि तो कागदाच्या कपात मिळत नाही.