किटलीचं काळं बूड

मैत्रिणींनो, भांडं काळं पडलं की आपण पहिल्यांदा काय करतो? तारेची घासणी घेतो आणि जोर लावतो. निघालं नाही तर आणखी जोर. त्यात हात सोलवटतात, भांड्याला चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुढचा डाग जास्तच घट्ट बसतो. खरं म्हणजे डाग कशाचा आहे एवढं ओळखलं, तर निम्मी घासाघीस वाचते.

चहाची किटलीच घ्या. बाहेर बुडाला काजळी, आत चहाचा तांबूस थर, आणि बोअरिंगचं पाणी असेल तर तळाशी पांढरा खरखरीत क्षार. किटली एक, पण तिघांचं औषध निरनिराळं.

काजळी म्हणजे पुरतं न जळलेलं इंधन, निव्वळ कोळसा. तिला चिंच लावा, लिंबू लावा, सोडा लावा, ती विरघळायची नाही. तेलकटपणाने ती बुडाला धरून बसते, म्हणून आधी गरम साबणाच्या पाण्यात बूड भिजू द्यावं आणि मग राख घेऊन काथ्याने घासावं. त्याहून बरं म्हणजे तिला बसूच देऊ नये. चुलीवर भांडं चढवण्यापूर्वी बुडाला बाहेरून राखेचा किंवा मातीचा लेवा द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. काजळी लेव्यावर धरते आणि विसळताना लेव्याबरोबरच निघून जाते. गावी चुलीवर किंवा सहलीला तीन दगडांवर स्वयंपाक करायची वेळ आली तर हे जरूर करा. माती नसली तर बुडाला ओला साबण चोळला तरी भागतं.

पण गॅसवर ठेवून बूड काळं होत असेल, तर घासणी बाजूला ठेवा आणि आधी शेगडीकडे बघा. ज्योत निळी हवी. ती पिवळी, लांबट होत असेल तर बहुधा उतू गेलेल्या दुधाने बर्नरची भोकं बुजलेली असतात, नाहीतर हवा आत यायची वाट बंद झालेली असते. म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. पैसे जातात ते जातातच, शिवाय अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. कोंदट स्वयंपाकघरात डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो पित्त झालं! हा वायू जास्त साठला तर जिवावर बेततं. रेग्युलेटर बंद करून गार झालेला बर्नर काढा, साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. तरी ज्योत पिवळीच राहिली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. ‘चालतंय ना अजून’ म्हणून दिवस ढकलू नका. आणि खिडकी थंडीतसुद्धा उघडी असू द्या.

आता आतले डाग. स्टीलच्या किटलीत चहाचा थर बसला असेल तर पाणी भरून चमचाभर खायचा सोडा घाला, १० मिनिटं उकळा आणि तसंच गार होऊ द्या. नुसता फडका फिरवला तरी थर सुटतो. ॲल्युमिनियमला मात्र सोडा नको, धुण्याचा तर मुळीच नको. तो धातूच खातो आणि भांडं काळवंडतं. तिथे लिंबाच्या फोडी घालून पाणी उकळायचं आणि ते फेकून द्यायचं.

पांढऱ्या क्षारालाही आंबटच लागतं. वाण्याकडे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं. लिटरभर पाण्यात ते २ चमचे घालून उकळी आणा आणि अर्धा तास राहू द्या. बुडबुडे आले की समजा, क्षार सुटतोय. (शाळेत माझ्या वर्गातल्या मुलींना हा प्रयोग भारी आवडतो. घरची किटली साफ होते म्हणून आयांनाही!) नंतर किटली दोनदा विसळून एकदा नुसतं पाणी उकळून टाका. विजेच्या किटलीलाही हेच, फक्त ती पाण्यात बुडवायची नाही.

पितळेच्या भांड्याला चिंच-मीठ लावायचं ते बाहेरूनच, आणि लगेच धुऊन कोरडं पुसायचं. आतल्या कल्हईला तारेची घासणी लावू नका. भांड्याला बाई असेल तर तिलाही हे सांगून ठेवा. कल्हई झिजली की त्यात केलेली आमटी कळकते, आणि मग ती अख्खी ओतून द्यावी लागते.