घरोघरी मातीच्या चुली. पण फुंकणी कोणाच्या हाती?

मराठी ललित गद्यात चूल हा हमखास यशस्वी विषय आहे. आजीचे घर, सारवलेली भानवस, वैलावर रटरटणारी आमटी, निखाऱ्यांपुढे फुगणारी भाकरी आणि शेवटी 'गॅस आला आणि चव गेली' हा उसासा. दिवाळी अंकांत हा लेख वेगवेगळ्या नावांनी पुनःपुन्हा येतो. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत विद्यार्थीही तो लिहितात. या लेखांत धूर असतो, पण केवळ वासापुरता. तो कोणाच्या छातीत गेला हे त्यांत येत नाही. जुनी चूल ठेवावी की काढावी हा प्रश्न आमच्या लेखकांनी चवीचा आणि आठवणींचा करून टाकला आहे. तो मुळात श्वासाचा आणि कष्टांचा आहे, एवढेच आम्हांला येथे मांडायचे आहे.

भाषेपासून सुरुवात करू. 'चूल वेगळी करणे' म्हणजे भावांची वाटणी. 'चूल न पेटणे' म्हणजे घरचे दारिद्र्य. 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणजे सर्वत्र सारखीच स्थिती. या सर्व प्रयोगांत चूल ही घराची खूण आहे; ती पेटवणारी व्यक्ती त्यांत कोठेच नाही. 'चूल आणि मूल' या जोडीत ती सूचित होते, तीही कोंडलेली. जणू हे वाक्प्रचार कोणी अंगणात उभे राहून, छपरातून निघणाऱ्या धुराकडे पाहत घडवले असावेत. ललित लेखक त्याहून थोडा आत येतो, पण पानावर बसण्यापुरताच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या कथाविश्वात प्रश्न भुकेचा आहे; तेथे चुलीवरच्या चवीचे कौतुक करण्याची चैन कोणाला परवडत नाही. स्मरणरंजनाला पोट भरलेले असावे लागते.

प्रतिपक्षाचे म्हणणे टाळण्याचे कारण नाही. चवीत फरक पडतो हे आम्हांला मान्य आहे. तव्यावरून काढलेली ज्वारीची भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकली की तिला जो खरपूसपणा येतो, तो गॅसच्या ज्योतीवर येत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा-कराडच्या पट्ट्यात 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या लागतात त्या यामुळेच. परंतु चवीचा लाभ एकाला आणि धूर दुसरीला, अशी ही वाटणी आहे. पाटी वाचून आत शिरणारे गिऱ्हाईक पंख्याखाली बसते. भाकऱ्या थापणारी बाई चुलीपुढे बसते. चुलीची थोरवी सांगणारा सहसा पहिल्या जागेवरून बोलतो.

आता धुराविषयी. घरातल्या मातीच्या चुलीत लाकडाला पुरेशी हवा मिळत नाही. ते अर्धवट जळते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्ष किती धूर घेतात हे मोजून १९८३ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले; त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. 'चूल आणि मूल' ही जोडी येथे भलत्याच अर्थाने खरी ठरते.

मग चूल काढून टाका, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तरी पुरता आहे काय? उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली आणि आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, समारंभपूर्वक दिली गेली. त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले की डिसेंबर २०१८ अखेर लाभार्थ्यांचा वापर वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर इतकाच होता. तीन सिलिंडरांत कुटुंबाचा वर्षाचा स्वयंपाक होत नाही. म्हणजे शेगडी आली आणि चूलही राहिली. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू भागांत चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी जळणावर, हा प्रकार कोणालाही अपरिचित नाही. याला कोणी परंपरेची ओढ म्हणतात. आम्हांला त्यात साधा हिशेब दिसतो. सिलिंडरला एकरकमी रोख पैसा लागतो. जळणाला बाईचे तास लागतात, आणि ते तास कोणाच्याच वहीत मांडलेले नसतात. ज्याला आपण फुकटचे जळण म्हणतो ते केवळ मजुरी न दिलेले जळण असते.

ऊसपट्ट्यात हा विरोधाभास अधिक उघडा आहे. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांत उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते; त्यासाठी उंच धुराडे असते, अभियंते असतात, धुरावर नियम असतात. त्याच कारखान्यासाठी बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या कोपीसमोर तीन दगडांची चूल असते. उसाच्या अवशेषांना यंत्रासाठी धुराडे मिळते, माणसासाठी मिळत नाही. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांना हे दृश्य प्रतीकांच्या चर्चेहून महत्त्वाचे वाटावे.

असा विचार मराठी मुलखात कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. इरावती कर्वे (१९०५–१९७०) आमच्या विद्यार्थ्यांना 'परिपूर्ती' आणि 'युगान्त'मुळे ठाऊक असतात; त्यांच्या कन्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे लेखिका म्हणून, आणि गौरीबाईंच्या 'विंचुर्णीचे धडे'मुळे फलटणचा परिसरही. परंतु इरावतीबाईंचे पुत्र, वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे, आणि नात प्रियदर्शिनी कर्वे यांनी सुधारित चुलींवर वर्षानुवर्षे काम केले, हे मराठीच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. एकाच घराण्यात ललित गद्यही झाले आणि चुलीचे शास्त्रही. आम्ही त्यांतले एकच अभ्यासक्रमात घेतले. सुधारित चुलीलाही मर्यादा होत्या. १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम २००२ च्या सुमारास बंद पडला. दुरुस्ती आणि सफाई न झालेले धुराडे काही काळाने निरुपयोगी होते. पण त्या प्रयत्नात चूल ही विचार करण्याजोगी वस्तू होती, केवळ आळवण्याजोगी नव्हती.

तर मग ठेवावे काय आणि काढावे काय? जुने तेवढे मोडीत काढा असा आमचा आग्रह नाही. अंगणातला तांब्याचा बंब सकाळी एकदा पेटतो, करवंट्या आणि काटक्यांवर चालतो आणि पेटल्यावर त्याच्यापाशी कोणी बसून राहत नाही. तो खुशाल ठेवावा. हुरड्याची आगटी, हिवाळ्यातली शेकोटी यांवरही आमचा रोष नाही. धूर कोणाच्या वाट्याला येतो, किती तास, आणि त्या व्यक्तीला 'नको' म्हणण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. घरात, धुराड्याविना, दोन्ही वेळा पेटणारी चूल तिन्ही प्रश्नांत नापास होते. ती काढलीच पाहिजे, आणि तिच्या जागी आलेला सिलिंडर पुन्हा भरून आणणे घरातल्या बाईला परवडलेही पाहिजे. दुसरी अट गाळून पहिली सांगणे हा शहाजोगपणा होय.

राहिला प्रश्न साहित्याचा. चुलीवर लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र यापुढे वर्गात चुलीचा उतारा समोर आला की प्रतिमा, वातावरणनिर्मिती, बोलीचा गोडवा ही ठरलेली टिपणे उतरवून घेण्यापूर्वी शिक्षकांनी एक प्रश्न फळ्यावर लिहावा: या उताऱ्यात फुंकणी कोणाच्या हाती आहे, आणि निवेदक त्या वेळी कोठे बसला आहे? उत्तर शोधताना विद्यार्थ्यांना निवेदन आणि दृष्टिकोन या संज्ञा वेगळ्या शिकवाव्या लागणार नाहीत.