कायद्याच्या शाळेचे पंचांग

खेड्यातल्या माणसाची कायद्याशी पहिली गाठ पडते ती तारखेच्या रूपाने. सातबाऱ्यावर फेरफार धरला आणि नोटीस दारी आली, तर हरकत घ्यावयास १५ दिवस. जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालच्या अंमलदाराने महसुली हुकूम दिला, तर अपिलास ६० दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली, तर हरकतीस ६० दिवस. हे दिवस आम्हांस कोणी मोजून देत नाही. पेरणीत, सुगीत, घरच्या दुखण्यात ते निघून जातात, आणि मग खरा माणूस कागदावर खोटा ठरतो.

म्हणून शेतकऱ्याच्या व कारागिराच्या प्रत्येक भावकीत कायदा शिकलेले एक तरी माणूस असावे, मग तो मुलगा असो की मुलगी. परंतु जेथे हा कायदा शिकवतात त्या शाळेचेही एक पंचांग असते. प्रवेश केव्हा, फी केव्हा, वर्ग किती वाजता, हजेरी किती, परीक्षा कोणत्या महिन्यात, हे सारे त्यात बांधलेले असते. ज्यांनी ते बांधले त्यांच्या डोळ्यांपुढे नांगर, माग आणि चाक नव्हते. पंचांग दुसऱ्याच्या हाती असले की मुहूर्त त्याच्या सोयीचा निघतो, हा अनुभव आम्हां लोकांस नवा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे पंचांग बदलले पाहिजे. आणि ते बदलेपर्यंत आमच्या घरांनी ते वाचावयास तरी शिकले पाहिजे.

नियम काय आहेत ते आधी सांगतो. देशातील लॉ कॉलेजांस बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम लागू आहेत. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा, असे दोन मार्ग. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र निदान १५ आठवड्यांचे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १८ आठवड्यांचे. रोज निदान पाच तास शिक्षण, वर अर्धा तास सुट्टी, आणि आठवड्यास ३० तासांहून कमी नाही. प्रत्येक विषयाच्या तासांना शेकडा ७० हजेरी पाहिजे. एखाद्या विषयात काही विशेष कारणाने कमी पडली, तर प्राचार्य सवलत देऊ शकतात. पण त्या विषयात निदान शेकडा ६५ आणि सर्व विषय मिळून शेकडा ७० भरले पाहिजेत.

आम्ही पडलो शाळामास्तर. हिशेब मांडल्यावाचून आमचे समाधान होत नाही. १५ आठवडे, आठवड्यास सहा दिवस, म्हणजे ९० दिवस. त्यांचे शेकडा ७० म्हणजे ६३. उरले २७ दिवस. एका सत्रात आजारपण, चुकलेली एस.टी., दाखल्यासाठी तहसिलीच्या खेपा, घरचे लग्नकार्य आणि सुगी, हे सारे त्या २७ दिवसांत बसवावयाचे. शहरातील नोकरदाराच्या मुलाचे २७ दिवस आणि आमच्या मुलाचे २७ दिवस सारखे नव्हेत. त्याच्या घरी सोयाबीन काढणीस येत नाही. गणपतीच्या व दिवाळीच्या तोंडावर कुंभाराच्या पोराला बाप सोडीत नाही, कारण त्या दोन महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढावयाचे असते. कापूस वेचणीला आला आणि मजूर मिळेना, की कॉलेजातल्या पोराला निरोप जातो. दसऱ्यानंतर जे कुटुंब ऊसतोडीस जाते, त्या घरातल्या मुलीने मागे कोणाजवळ राहून वर्गात बसावे, याचे उत्तर कोणत्याच वेळापत्रकात नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हजेरीच काढून टाका. आम्ही तसे म्हणत नाही. हजेरीपट घेऊन बसणारे आम्हीच. वर्ग चुकवून विद्या येत नाही हे आम्ही रोज पाहतो. परंतु हजेरी ही शिकवण्यासाठी असावी, गळा आवळण्यासाठी नसावी. २०१६ साली दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थ्याने, हजेरी कमी म्हणून परीक्षेस बसू न दिल्यावर, जीव दिला. त्यावरून चाललेल्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल देताना सांगितले की, केवळ हजेरीसाठी कायद्याच्या विद्यार्थ्यास परीक्षेपासून अडवू नये आणि बार कौन्सिलने हजेरीच्या नियमांचा फेरविचार करावा. हा विचार योग्य दिशेचा आहे. मात्र दिल्लीच्या निकालावर विसंबून आमच्या मुलांनी येथे वर्ग बुडवू नयेत. आपले कॉलेज व आपले विद्यापीठ कोणता नियम चालवते, ते पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्यावे.

मग आमचे मागणे काय? पहिले, सकाळचे वर्ग. जे कॉलेज पूर्णपणे निवासी नाही तेथे सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळात वर्ग घेण्यास नियमांची मोकळीक आहे. पाच तास शिकवणे आणि अर्धा तास सुट्टी धरली, तर ८ वाजता सुरू झालेला दिवस दीड वाजता संपतो. दुपारनंतर मुलगा शेतात, दुकानात, मागावर काम करून आपला खर्च काढू शकतो. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांची इच्छा लागते. पण ८ वाजता पोचावयाचे तर गावाहून पहाटेची गाडी पाहिजे किंवा जवळ वसतिगृह पाहिजे. प्रवेश दिला म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही, हे शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करून दाखवले आहे. त्यांनीच पुढे अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या. त्या काळी एका संस्थानिकास जे सुचले, ते आज कॉलेजांच्या चालकांस का सुचू नये?

दुसरे, फी. प्रवेश होतात पावसाळ्यात, जेव्हा घरातला पैसा बी-खतात मातीखाली गेलेला असतो. फीचा मोठा हप्ता दिवाळीनंतर, माल बाजारात गेल्यावर घ्यावा.

तिसरे, प्रवेश. आपल्या राज्याची कायद्याची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की शेवटच्या फेरीतला मुलगा वर्ग सुरू झाल्यावर पोचतो. त्याची हजेरी त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून धरावी, आणि बुडालेले तास त्याला जादा वर्ग घेऊन भरून द्यावेत.

चौथे, उमेदवारी, जिला तेथे इंटर्नशिप म्हणतात. तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने एकंदर १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने २० आठवडे ती करावयाची असते. मुंबई-पुण्यास राहून ती करणे म्हणजे खोलीभाडे आणि खानावळ. आमच्या घरांस ते पेलत नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिलाच्या हाताखाली किंवा तालुका विधी सेवा समितीकडे केलेले काम कॉलेजांनी तितक्याच मानाने धरावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींस व कमी उत्पन्नाच्या लोकांस फुकट कायदेमदतीचा हक्क दिला आहे. तो हक्क गावापर्यंत पोचवण्यास ह्याच मुलांचा उपयोग होईल. गावच्या जमिनीचा दावा जो समोर पाहील, त्याला कलमे निराळी घोकावी लागणार नाहीत.

आता दोन शब्द आमच्याच लोकांस. पंचांग वाईट आहे म्हणून न वाचणारा अधिक नुकसान करून घेतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी ही कामे निकालानंतर नव्हे, तर वर्ष-सहा महिने आधी सुरू करावीत. ऐन प्रवेशाच्या दिवशी कागद नाही म्हणून राखीव जागा गेल्याची रड गावोगाव ऐकू येते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमास जाणाऱ्या, मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील त्याच उत्पन्नाच्या मुलींस पूर्ण शुल्कमाफी देण्याचे सरकारने जुलै २०२४ मध्ये ठरवले. अर्जाची मुदत जाऊ देऊ नये. आणि मुलगा एकदा कॉलेजात घातला, की प्रत्येक बारशास, जत्रेस व जावळास त्याला बोलावू नये. ते २७ दिवस म्हणजे कणगीतले बियाणे आहे. सुगीसाठी व दुखण्यासाठी ते राखावे, मानपानात उधळू नये.

डॉ. आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि १९३६ साली मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. देशाचे संविधान लिहिण्याच्या कामास लागण्याच्या आधी दहा-अकरा वर्षे त्यांना कायद्याच्या शाळेची घडी विचार करण्याजोगी वाटली. घडी ही क्षुल्लक बाब नव्हे. कोणाला वकील होता येईल आणि कोण जन्मभर अशील राहील, हे पुष्कळदा तीच ठरवते.

यास्तव आमच्या वाचकांनी येत्या हंगामात एक काम करावे. ज्या घरातले मूल कायदा शिकावयास जात असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्याने त्याच्याबरोबर कॉलेजात जाऊन वर्षाचे वेळापत्रक मागावे, ते घरी आणून भिंतीवर लावावे, आणि त्याच्याशेजारी आपल्या पेरणी-काढणीच्या तारखा लिहाव्यात. जेथे दोन्ही तारखा एकमेकींस छेदतात, तेथे खूण करून गावातल्या चार माणसांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांस द्यावा. एका अर्जाने काही हलणार नाही. पन्नास गावांतून पन्नास अर्ज गेले, तर निदान उत्तर देणे भाग पडेल.