नऊ सामने, सात पराभव

जिंकणाऱ्यांच्या कथा सांगावयास कोणीहि पुढें होतो. हरलेल्यांच्या कथेस श्रोता मिळणें कठीण. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें मुद्दाम एका हरलेल्या संघाची हकीकत ठेवीत आहों. ती दूरदेशची आहे, जुनी आहे, आणि तो खेळहि आपल्या घरांतून फारसा कोणीं पाहिलेला नसेल. तथापि ज्या घरांत परीक्षेस बसणारीं मुलें आहेत, त्या घरास ती परकी वाटणार नाहीं.

अमेरिकेंत हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें लष्करी अधिकारी तयार करणारें महाविद्यालय १८०२ सालापासून चालू आहे. तेथील फुटबॉलचा संघ 'आर्मी' या नांवानें ओळखला जातो. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायानें खेळावयाचा खेळ नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या गर्दींतून वाट काढावयाची, असा तो धसमुसळा खेळ आहे. दुसरें महायुद्ध संपत असतां आणि संपल्यावर या संघाचा दरारा मोठा होता. १९४४, १९४५ व १९४६ या तीन वर्षांत तो एकहि सामना हरला नाहीं. १९५० सालींहि नवांपैकीं आठ सामने त्यानें जिंकले. अर्ल ब्लेक हे त्याचे शिक्षक. ते स्वतः वेस्ट पॉइंटचेच पदवीधर.

अशा संघावर १९५१ च्या ऑगस्टमध्यें आभाळ कोसळलें. वेस्ट पॉइंटच्या विद्यार्थ्यानें खोटें बोलावयाचें नाहीं, फसवावयाचें नाहीं, चोरी करावयाची नाहीं, असा तेथें सन्मानाचा नियम आहे. आणि दुसऱ्याचें असें कृत्य ठाऊक असून गप्प बसणें हाहि दोषच मानीत. या नियमावर भरंवसा ठेवून तीच प्रश्नपत्रिका एका तुकडीस आज व दुसरीस उद्यां देण्याची वहिवाट होती. आज बसलेला उद्यां बसणाऱ्यास कांहीं सांगणार नाहीं, हें गृहीत होतें. प्रत्यक्षांत सांगितलें जात होतें. कसून सराव आणि कठीण अभ्यास यांच्या ओढाताणींत सांपडलेल्या खेळाडूंमध्यें ही 'मदत' विशेष रुजली. चौकशीअंतीं सुमारें ९० विद्यार्थ्यांस महाविद्यालयांतून काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांत ३७ जण फुटबॉल खेळणारे होते, आणि त्यांतच ब्लेक यांचा मुलगा बॉब होता.

ब्लेक यांच्या मनांत राजीनाम्याचा विचार आला. त्यांनीं जनरल मॅकआर्थर यांचा सल्ला घेतला. अध्यक्ष ट्रुमन यांनीं त्यांस त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सेनापतिपदावरून दूर केलें होतें. संकटाचा मारा चालू असतां जागा सोडूं नये, असें मॅकआर्थर यांनीं सांगितलें. ब्लेक राहिले. स्वतःचा मुलगा निघून गेलेल्या मैदानावर ते दुसऱ्यांच्या मुलांस शिकवूं लागले.

त्या हंगामांत नवशिक्यांचा तो संघ पहिले चार सामने ओळीनें हरला. ब्लेक यांनीं पूर्वीं जेथें शिकविलें होतें त्या डार्टमथनेंहि त्यांस हरविलें. हार्वर्डशीं २१ विरुद्ध २२, पेनसिल्व्हेनियाशीं ६ विरुद्ध ७, असा दोनदां एका गुणानें घास हुकला. कोलंबिया व सिटाडेल यांवर मात्र विजय मिळाला. शेवटीं डिसेंबरमध्यें नौदलाच्या महाविद्यालयानें ४२ विरुद्ध ७ असा धुव्वा उडविला. नऊ सामने, दोन विजय, सात पराभव.

हे पराभव ज्यांच्या वांट्यास आले, त्यांनीं नियम मोडला नव्हता, ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटते. मोडणारे गेले, राहिलेल्यांनीं त्याची किंमत मैदानावर दिली. विजयी संघाकडे पाहून संस्थेस डोळेझाक करतां आली असती. ती तिनें केली नाहीं, आणि हरणें पत्करलें.

पण याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. आपल्या घरांतून चुलतभावास उत्तर हळूच सांगणारा मुलगा मनानें मोठा ठरतो, आणि तें वडिलांस कळविणारा चहाडखोर. वेस्ट पॉइंटचा नियम नेमकें हेंच उलटें करूं पाहतो. मित्राचें नांव उघड करण्याचा भार विशी-बाविशींतील मुलांवर टाकणें हें आम्हांस जडच वाटतें. १९७६ सालीं तेथेंच पुन्हा असा प्रकार घडला व दीडशेहून अधिक विद्यार्थी दोषी ठरले; परंतु त्या वेळीं एक वर्ष बाहेर काढल्यावर परत येण्याची संधि त्यांस देण्यांत आली, आणि पुष्कळ जण परत आले. १९५१ च्या मुलांस ती मिळाली नाहीं. शिक्षा असावी, पण दार कायमचें लावूं नये, असें आमचें मत आहे.

हरलेल्या संघाचें पुढें काय झालें? १९५२ सालीं चार विजय, चार पराभव व एक बरोबरी. १९५३ सालीं सात विजय, एक पराभव, एक बरोबरी. आणि नौदलावर २० विरुद्ध ७ अशी सरशी. १९५८ सालीं एकहि सामना न हरतां हंगाम पुरा केल्यावर ब्लेक निवृत्त झाले.

ज्यांच्या घरीं लवकरच परीक्षांचे दिवस येतील, त्यांनीं रात्रीं पानावर बसल्यावर ही गोष्ट मुलांस सांगून पाहावी, आणि मग एवढेंच विचारावें: हार्वर्डशीं एका गुणानें हरलेला तो मुलगा आपल्या घरचा असता, तर त्याला आपण काय म्हटलें असतें? उत्तर मुलांसच देऊं द्यावें. मोठ्यांनीं तें ऐकावें.