घरसंसार : मलई फुलत का नाही?



एका ताईंचे पत्र आले आहे. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी कुकरमध्ये केक केला. वर लावायला क्रीमचे पाकीट आणले, अर्धा तास फेटले, हात भरून आले, पण क्रीम काही फुलले नाही. शेवटी बेकरीतून केक आणावा लागला. सासूबाई म्हणाल्या, "कशाला हवीत ही थेरं?" ताई, मनाला लावून घेऊ नका. आपल्या कित्येक घरांत आजीच्या काळी चहासुद्धा कोराच असे. आज नातीच्या केकवर मलई हवी असेल तर हवीच! तुमच्या हाताचाही दोष नाही. पाकिटावरचा आकडा तेवढा पाहायचा राहिला.

मलई फुलते ती स्निग्धांशामुळे. फेटताना हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि स्निग्धाचे थंड, अर्धवट गोठलेले कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. त्यासाठी शेकडा ३० तरी स्निग्धांश लागतो. ३५ असला तर काम सोपे. 'फ्रेश क्रीम' म्हणून मिळणाऱ्या पाकिटात तो बहुधा २५ असतो. ते भाजीत घाला, फळांवर घाला, पण केकवर ते उभे राहत नाही.

दुधाचे तर विचारूच नका. टोन्ड दुधात ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६, म्हशीच्या दुधात ६ ते ७. नुसते दूध फेटले तर फेस येतो आणि बघता बघता बसतो. तापवलेल्या दुधावरची साय दाट असते खरी, पण तिच्यात पापुद्रे असतात. चार दिवसांची गोडी साय गाळणीतून दाबून काढा, गार करा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. मऊसर मलई होते, फुले मात्र काढता येत नाहीत. जास्त फिरवली की लोणी आलेच.

महागडे पाकीट न आणता जमेल अशी एक युक्ती सांगते. १०० ग्रॅम बिनमिठाचे, ताजे, गोडे लोणी १५० मिलिलिटर फुल क्रीम दुधात मंद आचेवर विरघळू द्या. उकळू नका. कोमट झाले की मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटे चांगले फिरवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे या मिश्रणात साधारण ३५ टक्के झाला. मिक्सर कमी फिरवला तर लोणी वर तरंगते, तेव्हा तिथे घाई नको.

दुसऱ्या दिवशी पातेले आणि फेटणीही गार करून घ्या. मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर जाडे मीठ टाकून त्यात पातेले ठेवा. मिठाने बर्फाचा गारवा वाढतो. आधी हळू, मग जोरात फेटा. दाट होऊ लागले की दोन-तीन चमचे पिठीसाखर घाला. फेटणी उचलल्यावर टोक उभे राहिले की तिथेच थांबा.

आता १४ एप्रिलबद्दल. त्या उन्हात दुधाची मलई मंडपात टिकत नाही, स्निग्ध वितळले की सगळे खाली बसते. बेकरीवाले बहुतेक वेळा 'नॉन-डेअरी' टॉपिंग वापरतात ते यासाठीच. ते वनस्पती तेलाचे असते. उन्हात बरेच टिकते, पण त्याला मलई समजून पैसे मोजू नका. घरची मलई लावायचीच असेल तर केक विहारात साधा न्यावा, मलई बर्फाच्या डब्यात न्यावी आणि कापायच्या आधी लावावी.

आणि फेटताना हात थांबला नाही, दाणे पडलेच, तर टाकून देऊ नका. ते लोणी आहे. साखर घातली नसेल तर कढवून तूप करा, घातली असेल तर मुलांच्या पोळीला लावा.