विश्लेषण : पाळणाघरात जाणारे बाळ रात्री का जागते?

भिवंडीत यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या किंवा गोदामात पॅकिंग करणाऱ्या आईला रात्रीची झोप हवी असते. दिवसभर पाळणाघरात राहिलेले बाळ नेमके तेव्हाच उठते. ‘दिवसा झोपू देऊ नका,’ हा सल्ला मग हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

कारण काय?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाची झोप धरून १२ ते १६ तास झोप लागते. गोंगाटात दिवसाची झोप मोडली, तर अतिथकलेले बाळ रात्री उलट जास्त उठते. अंगावर पिणारे बाळ दिवसा राहिलेल्या दुधाची भरपाईही रात्री करते.

काय करावे?

बाळ किती झोपले, किती प्यायले, हे पाळणाघरात रोज विचारावे. घरी आल्यावर पोटभर दूध, मग मंद दिवा आणि झोपेची ठरलेली वेळ. बाळाला पाठीवरच झोपवावे. पहिले काही महिने ते दुधासाठी उठणारच.

काय टाळावे?

एकेकाळी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. आज तिची जागा गुंगी आणणाऱ्या खोकल्याच्या औषधाने घेऊ नये.

कायदा काय सांगतो?

२०१७च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. म्हणजे दूध दिवसाच मिळते. मात्र लहान यंत्रमाग कारखाने या मर्यादेबाहेर राहतात. तिथल्या आयांसाठी वस्तीजवळचे सामायिक पाळणाघर हाच खरा उपाय आहे.